मुंबईचा पूर्वकिनारा

मुंबईंत राहणाऱ्या मनुष्यास ‘समुद्रावर जाऊं या’ असें म्हटलें कीं, त्याचें तोंड आपोआप पश्चिमेकडे वळतें. गिरगांवची चौपाटी, मरीन ड्राईव्हची अर्धवर्तुळाकार वाट, दादरची आणि जुहूची वाळू, हाच त्याचा समुद्र. सूर्य तिकडे मावळतो, वारा तिकडून येतो, आणि संध्याकाळची भेळहि तिकडेच मिळते. परंतु या शहराचें पोट ज्या समुद्रानें पिढ्यान्‌पिढ्या भरलें, तो समुद्र हा नव्हे. तो आहे पूर्वेस. कुलाब्यापासून शिवडी-वडाळ्यापर्यंत, उंच दगडी भिंतींच्या आणि लोखंडी दरवाज्यांच्या आड दडलेला. या शहरांत जन्म काढलेल्या असंख्य माणसांनीं तो धड पाहिलेलाहि नसतो. आज त्या किनाऱ्याविषयीं आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. कारण त्या भिंतींपलीकडच्या जमिनीचें पुढें काय करावयाचें हा प्रश्न आतां शहरापुढें येऊन उभा राहिला आहे, आणि त्याचें उत्तर एकदां दिलें गेलें कीं तें परत घेतां येणार नाहीं.

पूर्वेलाच बंदर कां झालें, हें आधीं पाहूं. मुंबईचा पश्चिम किनारा उघडा आहे. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा सुटला म्हणजे तिकडे गलबत उभें राहूं शकत नाहीं. पूर्वेस मात्र बेट आणि कोंकणची मुख्य भूमि यांच्यामध्यें एक रुंद, शांत आणि नांगर टाकण्यास पुरेशी खोल जागा निसर्गानेंच निर्माण करून ठेविली आहे. ही जागा ओळखून ईस्ट इंडिया कंपनीनें १७३६ सालीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या कसबी पारशी सुताराला मुंबईंत आणलें. १७५० सालीं येथें कोरडी गोदी तयार झाली. कोरडी गोदी म्हणजे जहाज आंत घेऊन, दरवाजे बंद करून, पाणी काढून टाकण्याची सोय. म्हणजे जहाजाच्या पोटाखालीं उभें राहून सुतारास काम करतां येतें. वाडिया घराण्याच्या हाताखालीं मलबारच्या सागवानाचीं जीं जहाजें येथें बांधलीं गेलीं, त्यांचा लौकिक इंग्लंडच्या आरमारापर्यंत पोंचला. ओकच्या लांकडापेक्षां सागवान खाऱ्या पाण्यांत अधिक टिकतें, हा अनुभव त्या आरमारानें पैसे मोजून घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगबोटी आल्या, कापसाचा व्यापार वाढला, आणि नुसत्या धक्क्यांनीं भागेना. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ सालीं कुलाब्यास आल्बर्ट ससून यांनीं बांधविलेली ससून गोदी पुरी झाली. पाठोपाठ १८८० सालीं प्रिन्सेस गोदी, १८८८ सालीं व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ सालीं अलेक्झांड्रा गोदी खुली झाली. हिलाच पुढें इंदिरा गोदी हें नांव मिळालें. मुंबईच्या समुद्रांत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीच्या वेळीं जहाज चिखलांत बसूं नये म्हणून दरवाजे लावून आंत पाणी कोंडून ठेवावयाचें, हें या गोद्यांचें मुख्य मर्म. गोदी खणतांना निघालेल्या मातीनें आणि दगडांनीं समुद्रांत भराव पडला, आणि त्या भरावावर जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखालीं बॅलार्ड इस्टेट ही देखणी वसाहत उभी राहिली.

या किनाऱ्याचा इतिहास वाचावयास पुस्तकाचीहि गरज नाहीं. नुसत्या नांवांवरून तो वाचतां येतो. मांडवी म्हणजे जकातीची जागा. लकडी बंदरावर लांकूड उतरे, कोळसा बंदरावर कोळसा. दारूखान्यांत तोफांची दारू सांठविली जात असे. भाऊ अजिंक्य या उद्योगी गृहस्थाचें नांव भाऊच्या धक्क्यानें अजून जिवंत ठेविलें आहे. आणि कोंकणांतून मुंबईस आलेल्या कुटुंबांना तर हा धक्का म्हणजे घराचा उंबरठाच होता. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळांत सांपडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें समुद्रानें गिळलीं. कोंकणांतील कित्येक घरांत तो दिवस अजून विसरला गेलेला नाहीं. त्यापूर्वीं तीनच वर्षें, १४ एप्रिल १९४४ रोजीं, व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट होऊन अवघें शहर हादरलें होतें. शेंकडो माणसें मेलीं. आग विझविण्यास धांवलेले ६६ बंबवाले कर्तव्य करतांना कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून सर्व देशांत अग्निशमन सप्ताह पाळला जातो. आणि १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं याच किनाऱ्यावरील ‘तलवार’ या नाविक तळावर खलाशांनीं बंड पुकारून ब्रिटिश सत्तेचा पाया हालविला.

एवढें ज्याच्या कांठावर घडलें, तें बंदर शहराच्या दृष्टीआड कसें झालें? याचें कारण एका लोखंडी पेटींत आहे. १९५६ सालीं अमेरिकेंत ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ मोठ्या पेट्या भरून प्रथम नेण्यांत आल्या. पूर्वीं पोतें, पेटी, पिंप असा एकेक डाग हमालाच्या पाठीवरून चढे आणि उतरे. एक जहाज रिकामें व्हावयास आठवडा-आठवडा लागे. आतां कारखान्यांत भरलेली पेटी यारीनें उचलावयाची आणि तशीच मालमोटारीवर ठेवावयाची. या पद्धतीस वखारी नकोत, हमाल नकोत, अरुंद रस्ते तर मुळींच नकोत. तीस हवें खोल पाणी आणि मोकळें मैदान. हीं दोन्हीं जुन्या शहराच्या मध्यभागीं मिळत नाहींत. म्हणून लंडन, लिव्हरपूल, न्यूयॉर्क, मुंबई, सर्वत्र बंदर शहर सोडून दूर गेलें. आपल्याकडे १९८९ सालीं खाडीच्या पलीकडे न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें आणि पेट्यांचा व्यापार तिकडे वळला. मुंबईचें जुनें बंदर बंद पडलें नाहीं. जवाहर द्वीपावर तेलाचीं जहाजें अजून लागतात, गोदींत पोलाद आणि मोटारी चढतात-उतरतात. परंतु जागा मात्र पुष्कळ रिकामी झाली.

ही जागा किती? बंदराच्या ताब्यांतील जमीन सुमारें १८०० एकर आहे. जेथें एकेका खोलीसाठीं माणसें आयुष्य वेंचतात, त्या शहरांत ही जमीन म्हणजे केवढें धन, हें सांगावयास नकोच. तिचें काय करावें याचा विचार करण्यासाठीं २०१४ सालीं राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली, आणि २०१८ सालीं एक विकास आराखडाहि पुढें आला. बागा, फिरण्याच्या वाटा, संग्रहालयें, प्रवासी जहाजांचे धक्के, घरें, कचेऱ्या, असें पुष्कळ या कल्पनांत आहे. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली. २०२४ सालीं शिवडीहून न्हाव्याकडे जाणारा सुमारें २२ किलोमीटरचा अटल सेतु खुला झाला. २०२५ सालीं बॅलार्ड पियरच्या परिसरांत सफरीच्या जहाजांसाठीं नवें आंतरराष्ट्रीय स्थानक सुरू झालें. म्हणजे बदल आतां दूर नाहीं. तो दारांत आहे.

अशा वेळीं दुसऱ्यांनीं काय केलें तें पाहणें शहाणपणाचें. इंग्लंडांत लिव्हरपूल येथें १८४६ सालीं उघडलेली आल्बर्ट गोदी १९७२ सालीं बंद पडली. तिच्या विटांच्या, लोखंडाच्या आणि दगडाच्या प्रचंड वखारी पाडून टाकण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. परंतु त्या राखल्या गेल्या. त्यांत सागरी संग्रहालय आलें, कलादालन आलें, आणि १९८८ सालीं गोदी नव्यानें लोकांस खुली झाली. पुढें २००७ सालीं तेथें गुलामांच्या व्यापाराचें संग्रहालयहि निघालें. शहराची श्रीमंती कोणाच्या दुःखावर उभी राहिली, हें त्या शहरानें आपल्याच गोदींत मांडून दाखविलें. हा धडा आपणांसहि लागू आहे. कारण मुंबईच्या अनेक मोठ्या घराण्यांची संपत्ति कापसाइतकीच चीनला जाणाऱ्या अफूवरहि उभी होती, आणि मुंबईचें कोणतेंहि सागरी संग्रहालय ती गोष्ट झांकून ठेवील, तर तें अर्धेंच संग्रहालय होईल.

पण लिव्हरपूलची कथा येथें संपत नाहीं. २००४ सालीं युनेस्कोनें या बंदरास जागतिक वारशाचा मान दिला. मग किनाऱ्यावर उंच इमारती बांधण्याच्या मोठ्या योजना आल्या. २०१२ सालीं युनेस्कोनें धोक्याचा इशारा दिला, आणि २०२१ सालीं तो मान काढून घेतला. जगांत असा मान गमावणारें तें तिसरेंच स्थळ. मान गेल्यानें शहर कांहीं बुडालें नाहीं. नवीं बांधकामें चाललीं आहेत आणि त्यांतून रोजगारहि मिळतो, असें म्हणणारे तेथें पुष्कळ आहेत, व त्यांचें म्हणणें अगदीं टाकाऊ नाहीं. तथापि एक गोष्ट स्पष्ट झाली. वारशाच्या नांवावर जमिनीचा भाव वाढतो, आणि वाढलेला भाव मग त्या वारशालाच खाऊं लागतो.

आपणांस याचा प्रत्यय घेण्यासाठीं इंग्लंडास जाण्याचें कारण नाहीं. गिरणगांव फार दूर नाहीं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या नियमांत त्यांच्या जमिनीचे तीन वांटे ठरले होते: एक मोकळ्या जागेसाठीं, एक सार्वजनिक घरांसाठीं आणि एक मालकासाठीं. २००१ सालीं त्या नियमांत दुरुस्ती झाली आणि हे वांटे सर्व जमिनीस लागू न राहतां केवळ आधींच मोकळ्या असलेल्या जमिनीस लागू राहिले. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली. एका नियमांतील चार-दोन शब्द बदलल्यानें शहराच्या वांट्यास येणारी मैदानें नाहींशीं झालीं. पूर्वकिनारा ही मुंबईस मिळालेली दुसरी संधि आहे. तिसरी संधि कोठेंच दिसत नाहीं.

वारसा राखणें म्हणजे काय, हें सांगणारी दोन जहाजांची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींतून ‘त्रिंकोमाली’ नांवाचें लढाऊ जहाज पाण्यांत उतरलें. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखालीं तें बांधलें गेलें होतें. अनेक वर्षें चाकरी करून तें जीर्ण झालें, आणि १९८७ सालीं इंग्लंडच्या ईशान्येस हार्टलपूल या गांवीं आणण्यांत आलें. हार्टलपूलचा जहाजबांधणीचा धंदा तेव्हां बसला होता आणि गोद्या ओस पडल्या होत्या. परंतु त्यापूर्वीं ‘वॉरियर’ या दुसऱ्या जुन्या जहाजाची डागडुजी तेथेंच झाल्यामुळें जुनें काम जाणणारे हात गांवांत तयार झाले होते. त्यांच्या बळावर ‘त्रिंकोमाली’ पुन्हां उभी राहिली, व हें काम २००१ सालीं पुरें झालें. आज इंग्लंडच्या लढाऊ जहाजांपैकीं अजून पाण्यावर तरंगत असलेलें तें सर्वांत जुनें जहाज आहे, आणि मुंबईच्या सुतारांनीं जोडलेलें बरेंचसें सागवान त्यांत अजून शाबूत आहे. त्या एका जहाजाभोंवतीं संग्रहालय निघालें आणि ओस पडलेल्या गोदीस पुन्हां माणसांची जाग आली.

आतां दुसरें जहाज. भारताचें पहिलें विमानवाहू जहाज ‘विक्रांत’ १९६१ सालीं आरमारांत आलें आणि १९९७ सालीं निवृत्त झालें. कांहीं वर्षें मुंबईंत तें संग्रहालय म्हणून लोकांस पाहावयास मिळे. २०१२ सालीं तें सुरक्षिततेच्या कारणावरून बंद झालें, २०१४ सालीं लिलावांत विकलें गेलें आणि दारूखान्यांत मोडून त्याचें भंगार झालें. येथें कोणास दोष द्यावा हा प्रश्न नाहीं. पोलादी जहाज पाण्यांत जिवंत ठेवावयास दरवर्षीं पैसा लागतो, आणि त्या पैशाची तरतूद पहिल्या दिवशींच करावी लागते. वारसा भावनेनें सुरू होतो. तो टिकतो मात्र हिशेबानें.

हिशेबाचा विषय निघाला म्हणून पर्यटनाकडे वळूं. टिकाऊ पर्यटन हा शब्द हल्लीं फार ऐकूं येतो. त्याचा अर्थ आपल्या घरांतील शहाणी माणसें पूर्वींपासून जाणतात: मुद्दल राखावें आणि व्याजावर जगावें. किनारा, त्यावरील इमारती, तेथील पाणी आणि तेथें राबणारी माणसें हें मुद्दल. प्रवाशांपासून मिळणारा पैसा हें व्याज. व्याजाच्या लोभानें मुद्दलांत हात घातला कीं दिवाळें ठरलेलेंच. व्हेनिसचें उदाहरण घ्या. प्रचंड सफरी जहाजें शहराच्या मुख्य जलमार्गांतून जात, हजारों माणसें कांहीं तासांपुरतीं उतरत, आणि जेवावयास परत जहाजावर जात. शहराच्या पदरांत पैसा थोडा पडे आणि गर्दी, लाटांचे धक्के व धूर मात्र पुष्कळ. शेवटीं ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांस तो मार्ग बंद करण्यांत आला, आणि २०२४ पासून कांहीं ठराविक दिवशीं एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून प्रवेशकर घेण्यास प्रारंभ झाला. आपल्या नव्या स्थानकावर जहाजें येतील तीं अवश्य येवोत. परंतु त्यांतून उतरणारा प्रवासी मोटारींत बसून थेट दुसरीकडे गेला, तर पूर्वकिनाऱ्यास त्याचा उपयोग काय? तो बॅलार्ड इस्टेटमधून पायीं हिंडेल, माझगांवच्या खानावळींत जेवेल, कोळ्याच्या होडींतून खाडी पाहील, तरच त्याच्या खिशांतील रुपया किनाऱ्यावर राहील.

या किनाऱ्यावरील माणसांचा विचार तर सर्वांत आधीं व्हावयास हवा. ससून गोदी आज मासळीचें बंदर आहे. पहांटे होड्या लागतात, तांडेल ओरडतात, टोपल्या उतरतात, कोळणी भाव करतात. २०१७ सालीं तेथील भिंतींवर चित्रकारांनीं चित्रें काढलीं आणि एरव्हीं नाकास रुमाल लावणारी मंडळी मोठ्या संख्येनें ती गोदी पाहावयास गेली. हें चांगलेंच झालें. परंतु उद्यां पाहुण्यांस वास सहन होत नाहीं म्हणून मासळीच हलविली, तर भिंतीवर कोळणीचें चित्र राहील आणि कोळीण मात्र जाईल. असल्या वारशाला आम्ही वारसा म्हणणार नाहीं. बंदर म्हणजे काम. कामावांचून उरलेलें बंदर हें नाटक संपल्यावरच्या पडद्यासारखें असतें.

शिवडीच्या चिखलवटीचेंहि तसेंच आहे. हिंवाळ्यांत हजारों रोहित पक्षी तेथें उतरतात, तें पाहुण्यांच्या सोयीसाठीं नव्हे. ओहोटीच्या चिखलांत त्यांचें अन्न असतें म्हणून. ठाण्याच्या खाडीचा कांहीं भाग अभयारण्य झाला आहे, आणि २०२२ सालीं त्यास रामसर पाणथळीचा मानहि मिळाला. किनाऱ्यावरील तिवरांचीं बनें भरतीचा जोर अडवितात आणि माशांच्या पिलांस आसरा देतात. समुद्राची पातळी वाढत असतां त्यांच्या जागीं सिमेंटचा कठडा बांधणें हें सौंदर्य नव्हे, उधळेपणा आहे.

मग करावें काय? चार गोष्टी सुचतात. पहिली, पाण्याच्या कांठची पट्टी सलग आणि सर्वांस मोकळी असावी. तिच्यावर कोणाचेंहि खासगी कुंपण नसावें. दुसरी, जुन्या वखारी, घड्याळाचे मनोरे, याऱ्या, दगडी धक्के यांची यादी आधीं करावी आणि आराखडा मागाहून काढावा. कारण आराखडा आधीं झाला कीं यादी नेहमींच आंखूड होते. तिसरी, कोळी, गोदी कामगार आणि बंदराच्या जमिनीवर वर्षानुवर्षें राहणारीं गरीब कुटुंबें यांचा वांटा आरंभींच कायद्यानें बांधून द्यावा. गिरणगांवाप्रमाणें शब्दांच्या फेरांत तो हरवूं नये. चौथी, येणाऱ्या पाहुण्यांची संख्या जागेच्या आणि पाण्याच्या शक्तीवरून ठरवावी, आणि त्यांच्यापासून मिळणाऱ्या पैशाचा ठराविक भाग दुरुस्तीसाठीं वेगळा काढून ठेवावा.

या गोष्टी सरकारनें करावयाच्या, आपला त्यांत काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु जी गोष्ट लोकांनीं कधीं पाहिलीच नाहीं, तिच्यासाठीं ते भांडणार तरी कसे? मुंबईकरांनीं एखाद्या रविवारीं सकाळीं मुलांस घेऊन बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांवरून चालावें. भाऊच्या धक्क्यावरून बोटीनें पलीकडे जाऊन यावें. हिंवाळ्यांत ओहोटीची वेळ पाहून शिवडीस उभें राहावें. मुलें प्रश्न विचारतील. येथें जहाजें कोण बांधीत असे, बोटी कोठें जात, या भिंती कां आहेत. त्यांचीं उत्तरें देतां देतां हा किनारा आपला आहे ही जाणीव घरांत येईल. अशी जाणीव पुरेशा घरांत झाली, तर आराखड्यावर हरकती आणि सूचना मागविल्या जातील तेव्हां त्या पाठविणारे हातहि पुरेसे असतील.